उजेड पानाचं दार कसं उघडतो, आणि माझी पऱ्हाटी एका दुपारी का गेली



आजची नोंद नेहमीपेक्षा लांब आहे. एरवी मी फवारणी, वाफसा, बाजारभाव एवढंच लिहितो. आज पानावरच्या बारीक छिद्रांचा इतिहास लिहितोय. दहावी पास माणसाला हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. कारण माझ्याच रानात घडलं, ते आधी सांगतो.

सात-आठ वर्षं झाली असतील. खालच्या दोन एकरांत पऱ्हाटी होती. भारी काळी जमीन, झाड कमरेच्या वर, पाते-फुलं-बोंडं भरपूर लागलेली. भर ऑगस्टात पावसाने तीन आठवडे दडी मारली. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. मला ते बघवेना. विहिरीत पाणी होतं, त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. मी भर उन्हात सऱ्या तुडुंब भरून घेतल्या. वरून त्याच रात्री पाऊसही आला. सकाळी वाटलं, देव पावला.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं आणि ऊन कडक. दुपारी बारा-एकला जाऊन बघतो तर कित्येक झाडं उकळतं पाणी ओतल्यासारखी लोंबलेली. पायाखाली चिखल आणि वर झाड तहानलेलं! दोन-तीन दिवसांत पानं पिवळी-लालसर होऊन गळायला लागली. मी मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी केली, एकदा नाही, दोनदा. पैसे गेले आणि तिसरा हिस्सा झाडंही गेली.

पुढे एका जाणकार कृषी सहायकांनी एक झाड उपटलं, खोड उभं चिरून दाखवलं. आत कुठे काळी-तपकिरी रेघ नव्हती. म्हणाले, "काका, हा बुरशीचा रोग नाही. ही आकस्मिक मर. खाली मुळं गुदमरली, वर पानांची दारं उघडी होती. आवक बंद, जावक चालू."

पानांची दारं हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसला. ही दारं उघडतं कोण? बंद कोण करतं? विचारत गेलो, वाचत गेलो, पोराकडून मोबाईलवर समजून घेत गेलो. तेव्हा कळलं की या एवढ्याशा प्रश्नाच्या मागे माणसं साडेतीनशे वर्षं लागली आहेत. आणि त्यातल्या बऱ्याच जणांची हत्यारं आपल्या घरात सापडतील अशी होती.

तराजू घेऊन बसलेला पाद्री

पानावर छिद्रं असतात हे पहिल्यांदा दिसलं ते सूक्ष्मदर्शक आल्यावर. १६७० च्या दशकात इटलीत बोलोन्याच्या माल्पिघीने आणि इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रूने झाडांचे भाग भिंगाखाली धरून चित्रं काढली. ग्रूच्या १६८२ च्या मोठ्या पुस्तकात पानावरची छिद्रं काढलेली आहेत. पण छिद्रं दिसली म्हणजे त्यांचं काम कळलं असं नाही. आपल्याला शाळेत त्यांचं नाव पर्णरंध्र असं शिकवलं. एका चौरस मिलिमीटरमध्ये ती शेकड्याने असतात, आणि पूर्ण उघडली तरी केसाच्या जाडीपुढे ती फटच.

कामाचा पहिला हिशेब मांडला तो स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने. लंडनजवळ टेडिंग्टन गावी त्याचं चर्च होतं. १७२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याने साडेतीन फुटी सूर्यफूल कुंडीत घेतलं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सांधे बुजवले, म्हणजे मातीतलं पाणी उडणार नाही, जे जाईल ते झाडातूनच जाईल. मग पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडी वजन करत बसला. १७२७ च्या त्याच्या पुस्तकात आकडे आहेत. दिवसाच्या १२ तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साधारण ५६५ ग्रॅम पाणी गेलं. फार गरम, कोरड्या दिवशी साधारण ८५० ग्रॅम. आणि दव न पडलेल्या उबदार, कोरड्या रात्री? फक्त ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास.

रात्रही गरम, कोरडी, तरी एवढा फरक. आज आपण ड्रिपचा हिशेब करताना दिवसाचं बाष्पीभवन धरतो, त्याचं मूळ हे तराजूत आहे. पण ऊन म्हणजे उष्णताही आणि उजेडही. दोन्हीतलं कोण काय करतं, हे हेल्सला वेगळं करता आलं नाही.

ट्यूब आणि ठिगळ

पुढचं पाऊल जर्मनीत पडलं. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन पेशी असतात, आपल्या ओठांसारख्या. त्यांना रक्षक पेशी म्हणतात. १८५६ साली ट्युबिंगेनच्या ह्युगो फॉन मोल यांनी सांगितलं की या पेशी पाण्याने फुगल्या की रंध्र उघडतं आणि सैल पडल्या की मिटतं. फुगल्यावर खरं तर फट बंद व्हायला पाहिजे, उघडते कशी? त्याचं उत्तर १८८१ साली श्वेंडेनर यांनी दिलं. रक्षक पेशीची फटीकडची भिंत जाड आणि बाहेरची भिंत पातळ असते.

हे मला ट्यूबवरून समजलं. सायकलच्या ट्यूबला एका बाजूने लांब, जाड ठिगळ लावा आणि हवा भरा. पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि ट्यूब ठिगळाच्या बाजूला कमान करते. अशा दोन ट्यूबा ठिगळाकडून समोरासमोर ठेवून दोन्ही टोकं बांधा. हवा भरली की मध्ये फट पडते, हवा काढली की बंद. पानावर हवेच्या जागी पाणी आहे, एवढाच फरक.

म्हणजे दाराची बिजागरी कळली. पण सकाळी हवा भरतो कोण, हे अजून बाकी होतं.

बाप-लेक आणि गवताचं टोक

आता थोडा वेळ पानावरून कोंबावर जाऊ. हा धागा शेवटी पानावरच येऊन बसणार आहे.

उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन म्हातारपणी आपल्या फ्रान्सिस या मुलाला हाताशी घेऊन घरीच झाडांवर प्रयोग करत. खिडकीत ठेवलेलं रोप उजेडाकडे वाकतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कॅनरी गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनी पातळ पत्र्याच्या छोट्या टोप्या घातल्या. टोपी घातलेला कोंब वाकेना. म्हणजे उजेड 'बघतो' तो शेंडा आणि वाकतो खालचा भाग. हे काम १८८० च्या पुस्तकात छापलं आहे, आणि मुलाने मदत केली असं त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

कोणता उजेड, याचं उत्तर त्याच्या आधीच १८६४ मध्ये जर्मनीत युलियस झाक्स यांनी दिलं होतं. त्यांनी रंगीत पाण्यातून उजेड गाळून रोपांवर सोडला. निळ्यासाठी तांब्याचं अमोनिया घातलेलं पाणी, नारिंगीसाठी पोटॅशियम डायक्रोमेट. आपल्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया पडला की तसाच गडद निळा रंग येतो. निळ्या पाण्यातून आलेल्या उजेडाकडे रोपं वाकली, नारिंगीकडे नाही. म्हणजे कोंबाला वाकवतो तो निळा उजेड.

शिंगाची पट्टी

चार्ल्स डार्विन १८८२ साली वारले. फ्रान्सिस केंब्रिजला गेला आणि पानाच्या रंध्रांमागे लागला. भिंगाखाली पान धरायचं म्हणजे ते तोडावं लागतं, आणि तोडलं की रंध्रं लगेच बदलायला लागतात. झाडावरच्या जित्या पानाचं दार उघडं की बंद, हे कसं ओळखायचं?

त्याने शिंगाचा पातळ काप घेतला. होय, जनावराच्या शिंगाचा. शिंगाला ओल लागली की ते त्या बाजूने फुगतं आणि पट्टी वाकते. पट्टीचं एक टोक बसवलं, दुसऱ्या टोकाला काटा आणि बाजूला अंशांची खूण. ही पट्टी पानावर टेकवली की रंध्रातून वाफ येत असेल तर काटा वर चढतो, रंध्र मिटलेलं असेल तर खालीच राहतो. पानाच्या ज्या बाजूला रंध्रं नाहीत तिथे काटा हलत नाही.

या खेळण्यासारख्या हत्याराने त्याने झाडामागून झाड तपासलं आणि १८९८ साली रॉयल सोसायटीकडे मोठा निबंध छापला. झाड अंधारात नेलं की काटा उतरतो, उजेडात आणलं की चढतो. हेल्सने तराजूत जे बघितलं होतं त्याचं दार आता सापडलं. पुढे १९११ मध्ये फ्रान्सिसने डोरोथिया पर्ट्झ या बाईंबरोबर आणखी एक साधन बनवलं. काचेची वाटी पानाला चिकटवायची, नळीतल्या पाण्याच्या ओढीने पानातून हवा खेचायची आणि पाणी किती वेळात उतरतं ते मोजायचं. दारं उघडी असतील तर हवा भराभर येते. त्याला पोरोमीटर म्हणतात. आज कृषी विद्यापीठांत असतं ते बॅटरीवरचं पोरोमीटर त्याच नावाने चालतं.

उजेड दार उघडतो, हे नक्की झालं. कसं, ते नाही.

पन्नास वर्षं धरलेली वाट

१९०८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात काम करणाऱ्या लॉइडने बघितलं की रक्षक पेशीतला पिष्ट, म्हणजे स्टार्च, सकाळी कमी होतो आणि रात्री वाढतो. त्यावरून विचार असा बसला की उजेडात स्टार्चची साखर होते, साखर पाणी ओढते, पेशी फुगते. पटण्यासारखं होतं. पुढची पन्नासेक वर्षं बहुतेकांनी तेच धरलं.

मध्येच १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, जपानच्या इमामुरांनी वेगळंच लिहिलं. उघड्या रंध्राच्या रक्षक पेशीत पोटॅशियम जमतं. जपानबाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९६८ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला काम करणाऱ्या फिशर नावाच्या तरुण ऑस्ट्रेलियन माणसाने बाकला घेवड्याच्या पानाची पातळ साल सोलून प्रयोग केले, आणि उजेडात रंध्र उघडताना रक्षक पेशी बाहेरून पोटॅशियम आत ओढतात हे दाखवलं. पोटॅशियम आत गेलं की मागोमाग पाणी जातं आणि पेशी फुगते.

मंडळी, हे वाचलं तेव्हा मी थांबलो. पोटॅशियम म्हणजे आपला पोटॅश, पालाश! २०२२ मध्ये एमओपीची बॅग १,७०० रुपयांवर गेली तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी पोटॅश सोडून नुसत्या युरिया-डीएपीवर भागवलं? मीही भागवलं. पोटॅशने फळाला वजन आणि चकाकी येते, एवढंच आपण एकमेकांना सांगतो. पण पानाचं प्रत्येक दार रोज सकाळी त्याच्यावर उघडतं आणि तो बाहेर गेला की मिटतं. पोटॅशची कमी असलेल्या झाडाची दारं सुस्त होतात, उघडायलाही आणि ताणात मिटायलाही.

स्टार्चवालेही अगदी खोटे नव्हते. १९९० च्या दशकात दिसलं की बाकल्यात सकाळी दार उघडण्याचं काम मुख्यतः पोटॅशियम करतं आणि दुपारनंतर साखर ते काम हाती घेते. चूक एवढीच होती की अर्ध्या गोष्टीला पूर्ण मानलं.

निळा उजेड पुन्हा येतो

आता उजेडाचा रंग. १९७७ मध्ये झायगर आणि हेप्लर या दोघांनी कांद्याच्या रक्षक पेशी घेतल्या, त्यांची बाहेरची भिंत विरघळवून टाकली आणि उरलेल्या गोळ्यांवर निळा उजेड सोडला. नुसत्या उजेडाने ते गोळे फुगले, पण भोवती पोटॅशियम असेल तरच. १९८१ साली शार्की आणि राश्के यांनी गोखरूवर मोजलं. गोखरू म्हणजे ते काटेरी बोंडांचं तण, काही भागांत त्याला शंकेश्वर म्हणतात, जनावराच्या शेपटीला चिकटतं ते. दार तेवढंच उघडायला निळा उजेड तांबड्यापेक्षा जवळजवळ दहापट परिणामकारक निघाला.

तांबडा उजेडही दार उघडतो, पण बराचसा आडवळणाने. त्याने पानात अन्न बनायला लागतं, आतला कार्बन डायऑक्साइड संपत येतो, आणि ती कमतरता दाराला उघडायला लावते. निळ्याचं तसं नाही. तो थेट रक्षक पेशीला सांगतो. पहाटेच्या कमी उजेडातसुद्धा त्याचा हुकूम पोचतो, म्हणजे ऊन तापायच्या आधी दार उघडून झाड कामाला लागतं.

मग हा हुकूम ऐकतो कोण? १९९७ साली अमेरिकेत विन्स्लो ब्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने कोंब उजेडाकडे वाकवणाऱ्या प्रथिनाचं जनुक शोधलं. त्या प्रथिनाला पुढे फोटोट्रोपिन नाव पडलं. अशी दोन प्रथिनं निघाली. २००१ मध्ये जपानात फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठात किनोशिता आणि शिमाझाकी यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या तणाची अशी रोपं घेतली, ज्यांच्यात ही दोन्ही प्रथिनं नव्हती. निळा उजेड टाकला तरी त्यांची रंध्रं उघडेनात. दोनांपैकी एक जरी असलं तरी उघडत होती.

समजलं का काय झालं? ज्या प्रथिनाने गवताचा कोंब वाकतो, तेच पानाचं दार उघडतं. फ्रान्सिस डार्विनने १८८० मध्ये बापाबरोबर कोंबावर टोप्या घातल्या आणि १८९८ मध्ये एकट्याने पानावर शिंगाची पट्टी ठेवली. दोन्ही वेळा तो एकाच डोळ्यासमोर बसला होता. १९२५ साली तो वारला. दोन्ही डोळे एकच, हे कळायला त्यानंतर ७६ वर्षं जावी लागली.

आता साखळी अशी आहे. निळा उजेड फोटोट्रोपिनवर पडतो. ते पेशीच्या कडेवरचा एक पंप चालू करतं, हे १९९९ साली याच जपानी मंडळींनी दाखवलं होतं. पंप प्रोटॉन बाहेर फेकतो, आतली बाजू ऋण होते, पोटॅशियम धन असल्यामुळे आत ओढलं जातं, त्याच्यामागे पाणी. आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच, फक्त स्टार्टर निळा उजेड आहे.

बंद करायचा निरोप

दार उघडण्याचा हुकूम उजेडाचा. मग मिटण्याचा? अंधार पडला की मिटतंच, पण पाणी कमी पडलं तर भर उन्हातही मिटावं लागतं. अमेरिकेत लॉफ्टफिल्डने १९२१ मध्ये लसूणघास, बटाटा, बार्ली यांची रंध्रं रात्रंदिवस तपासली होती. पाणी पुरेसं असलं तर लसूणघासाची दारं दिवसभर उघडी. ताण पडला की भर दुपारी मिटायची. म्हणजे दुपारी मान टाकणं आणि दार ओढून घेणं ही झाडाची स्वतःची काटकसर आहे.

ही काटकसर करायला लावणारं द्रव्य सापडलं ते कपाशीत. १९६३ साली कॅलिफोर्नियात ॲडिकॉट आणि सहकारी बोंडगळीचं कारण शोधत होते. क्विंटलांनी कोवळी बोंडं घेऊन त्यांनी त्यातून मिलिग्रॅमांत एक द्रव्य वेगळं केलं. आज त्याला ॲब्सिसिक ॲसिड म्हणतात. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये राइट आणि हायरन यांना दिसलं की सुकत चाललेल्या गव्हाच्या पानात हे द्रव्य झपाट्याने वाढतं, आणि त्याच वर्षी त्याने रंध्रं मिटतात हेही दुसऱ्यांनी दाखवलं. ते आलं की रक्षक पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, पाणी जातं, दार मिटतं.

म्हणजे प्रत्येक दारावर दिवसभर दोन आवाज येत असतात. उजेड म्हणतो उघड, अन्न बनव. तुटवडा म्हणतो मीट, जीव वाचव. पानाचं सगळं आयुष्य या ओढाताणीत जातं. आणि एवढं सगळं का, तर झाड मुळाने जे पाणी घेतं त्यातलं शंभरात नव्वदच्या वर याच दारांतून जातं, आणि अन्नासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइडही याच दारांतून येतो. दुसरं दार नाही.

सगळ्या झाडांना नियम एकच आहे असंही नाही. आपल्याकडे आता लावतात ते ड्रॅगन फ्रूट, बांधावरची घायपात, कोकणातला अननस, ही मंडळी दारं रात्री उघडतात आणि दिवसा मिटून बसतात. कोरड्या मुलखातली झाडं ती, त्यांनी हिशेब उलटा मांडला.

दार किती उघडतं यावर उत्पन्नही ठरतं. तोच फिशर पुढे मेक्सिकोत गहू-मक्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात गेला. आपल्या हरितक्रांतीतला मेक्सिकन गहू त्याच कामातून आलेला. त्याने आणि सहकाऱ्यांनी १९६२ ते १९८८ या काळातल्या आठ गहू जातींची तुलना करून १९९८ साली छापली. जास्त पिकणाऱ्या नव्या जातींची रंध्रं जास्त उघडी राहायची आणि पीक थंड राहायचं. पैदासकारांनी रंध्रं निवडली नव्हती, उत्पन्न निवडलं होतं. मागोमाग रंध्रं आली. पण लक्षात घ्या, हे पाणी दिलेल्या गव्हाचं आहे. उघडं दार पाणी मागतं.

माझ्या रानात याचा अर्थ

आता त्या दुपारकडे परत येतो. तीन आठवडे ताण खाल्लेली पऱ्हाटी दुपारी माना टाकत होती. दारं ओढून धरली होती आणि संध्याकाळी ताठ होत होती, म्हणजे तिचा हिशेब अजून जुळत होता. मी घाबरून एका झटक्यात सऱ्या तुडुंब केल्या, वर पाऊस. भारी काळ्या जमिनीतली सगळी हवा निघून गेली. हवेशिवाय मूळ पाणी ओढू शकत नाही, पाण्यात उभं असलं तरी. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, उजेडाने हुकूम दिला, मोठा पसारा आणि बोंडांचा भार असलेल्या झाडाने पाणी उडवायला सुरुवात केली. खालून पुरवठा नव्हता. मिटायचा निरोप पुरा पडायच्या आत झाड कोसळलं. बुरशीनाशक यात काय करणार होतं?

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. दुपारी झाड लोंबलं म्हणून मोटार चालू करत नाही. संध्याकाळी बघतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो. सकाळीही मान खाली असेल तर ती खरी तहान. मोठ्या खंडानंतर पाणी द्यायचं तर एक आड एक सरी, हलकं, ऊन उतरल्यावर. चर आधी मोकळे करतो. पाऊस पडून पाणी साचलं तर आधी ते बाहेर काढतो. आणि तरी आकस्मिक मर दिसलीच तर पहिल्या काही तासांतच कृषी विद्यापीठाच्या किंवा केव्हीकेच्या माणसाला फोन करतो, कारण उपाय वेळेत झाला तरच उपयोग. पोटॅश माती तपासून टाकतो, पण सोडत नाही. नुसत्या पोटॅशने दुष्काळ हटत नाही, हेही तेवढंच खरं.

एक खेळ तुम्हीही करून बघा. सोयाबीनमध्ये आपल्याला छळणारा केना आहे ना, त्याच्याच कुळातल्या भावंडावर परदेशातल्या प्रयोगशाळांनी रंध्रांचे कितीतरी प्रयोग केलेत, कारण त्याच्या पानाची खालची साल सहज सुटते. मी काय केलं, रात्री दोन-तीन केन्यांवर टोपलं पालथं घालून वर काळा कागद टाकला. सकाळी दहाला टोपल्याखालचं एक पान आणि उन्हातलं एक पान घेऊन लगेच गावच्या शाळेत गेलो. मास्तरांनी साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. उन्हातल्या पानावर ओठ उघडे, टोपल्याखालच्या पानावर बहुतेक मिटलेले. सातवीतली पोरं रांग लावून बघत होती. एक पोरगी म्हणाली, "काका, हे तर श्वास घेतंय." मी म्हटलं, "आणि पाणीपण सोडतंय. दोन्ही एकाच दारातून."

मायक्रोस्कोप नसेल तर दुपारी पानाच्या खालच्या बाजूला हात लावून बघा. पाणी असलेल्या झाडाचं पान गार लागतं, ताणातल्या झाडाचं गरम. दार उघडं की बंद, तळहात सांगतो.

माझी दोन एकरांतली तिसरा हिस्सा पऱ्हाटी या धड्याची फी होती. तुमच्यातल्या एकाने जरी पुढच्या खंडात भर दुपारी मोटार चालू करायच्या आधी संध्याकाळपर्यंत थांबून बघितलं, तर ती फी वसूल झाली असं मी समजेन.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं. मी विद्यार्थीच आहे.

राम राम.